आवडत्या पंक बँडची रात्र: पहिल्यांदा जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंक म्हणजे रॉक संगीताचा वेगवान, राकट प्रकार. त्याचा शो जवळ आला की पहिल्यांदा जाणारे मित्रमैत्रिणी मला हेच प्रश्न विचारतात. छोट्या, कोंदट हॉलमध्ये पहिल्या काही रांगांत उभं राहून गेल्या अनेक वर्षांत जे शिकले ते इथे लिहिलंय. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते विषय माझ्या जिव्हाळ्याचे आहेत.

या बँडचे सगळे अल्बम मला पाठ आहेत. प्रत्यक्ष शोमध्ये वेगळं काय मिळणार?

गाण्याचा उरलेला अर्धा भाग. पंक गाण्याचा कोरस बहुतेक वेळा एकट्या गायकासाठी नसतोच. चार शब्द, सोपी चाल, सगळ्यांना एका दमात ओरडता येईल अशी. घरी हेडफोनवर त्या ओळीमागे दोन-तीन आवाज ऐकू येतात. हॉलमध्ये तिथे दोनशे-तीनशे आवाज असतात आणि त्यातला एक तुमचा असतो. माझा आवडता बँड मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दुसऱ्याच गाण्यात गायकाने माइक आमच्याकडे वळवला आणि अख्खं कडवं आम्ही म्हटलं. नंतर ते गाणं घरी शेकडो वेळा ऐकलं असेल. त्या कडव्याला अजूनही मला तेच आवाज ऐकू येतात.

दुसरी गोष्ट वेगाची. रमोन्स या न्यू यॉर्कच्या पंक बँडच्या १९७६ सालच्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि ती सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. स्टेजवर ते याहूनही जलद वाजवायचे. एक गाणं संपलं की 'वन-टू-थ्री-फोर', की पुढचं सुरू. श्वास घ्यायला तेवढीच उसंत. बहुतेक पंक बँडांनी ही सवय उचलली. त्यामुळे तुम्ही पाठ केलेलं गाणं स्टेजवर अंगावर धावून येतं. बेस आणि किक ड्रम कानांच्या आधी छातीत धडधडतात. गिटारची तार तुटते, वाजवणारा उरलेल्या पाच तारांवर गाणं पूर्ण करतो, आणि हे सगळं तुमच्यापासून हातभर अंतरावर घडत असतं. त्यात काही हातचं राखून ठेवलेलं नसतं.

सगळी गाणी पाठ हवीत का?

नाही. दुसरा कोरस येईपर्यंत पाठ होतात.

मुख्य बँड उशिरा येणार आहे. मग ओपनिंग बँडसाठी, म्हणजे त्याच्या आधी वाजणाऱ्या छोट्या बँडसाठी, लवकर जायची काय गरज?

गरज आहे, आणि याबाबत मी हट्टी आहे. द क्लॅश हा पुढे खूप गाजलेला पंक बँड पहिल्यांदा लोकांसमोर वाजला तो ४ जुलै १९७६ रोजी, इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात, सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडच्या आधी. म्हणजे ओपनिंग बँड म्हणून. त्या संध्याकाळी 'मुख्य बँड आला की जाऊ' म्हणत जे बाहेर रेंगाळले असतील त्यांचं काय हुकलं, याचा विचार करा.

त्याच्या महिनाभर आधीची मँचेस्टरची गोष्ट तर पंकच्या दुनियेत सगळेच सांगतात. ४ जून १९७६ रोजी लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्सचा शो झाला. तो भरवला हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन तरुणांनी. त्यांना स्वतःचा बझकॉक्स हा बँड आधी वाजवायचा होता, पण तो तोवर तयार नव्हता. हॉलमध्ये माणसं अगदी मोजकी होती. त्यात पीटर हुक आणि बर्नार्ड समनर होते. हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतलं आणि या दोघांच्या बँडचं नाव पुढे जॉय डिव्हिजन झालं, तोही खूप गाजला. २० जुलैला पिस्टल्स पुन्हा त्याच हॉलमध्ये आले तेव्हा बझकॉक्स तयार होते. जेमतेम दीड महिन्यात आयोजक स्टेजवर पोहोचले.

पंकमध्ये स्टेज आणि जमीन यांतलं अंतर इतकंच असतं, आणि ते सर्वात जास्त ओपनिंग बँडच्या वेळी दिसतं. अर्धा हॉल रिकामा असतो, गायकाचा हात थरथरत असतो, आणि पुढे उभे असलेले वीसजण त्याच्या डोळ्यात डोळे घालून ऐकत असतात. त्या वीसजणांत असावं.

हॉलमध्ये उभं कुठे राहायचं?

तुम्हाला काय हवंय त्यावर ठरतं. अगदी पुढे, स्टेजला टेकून उभं राहिलात तर बँड सर्वात जवळ दिसतो, पण गर्दीचा सगळा रेटा पाठीवर येतो आणि तिथून मध्येच बाहेर पडणं अवघड जातं. शिवाय तिथे गायकाचा आवाज कमी आणि गिटारच्या अँपचा, म्हणजे स्टेजवरच्या तिच्या स्पीकरचा, आवाज जास्त ऐकू येतो, कारण गाणं ज्या मोठ्या स्पीकरमधून येतं ते तुमच्या दोन्ही बाजूंना असतात आणि त्यांचा रोख मागच्या गर्दीकडे असतो. त्याच्या मागे, हॉलच्या मध्यावर, मॉश पिट तयार होतो, म्हणजे एकमेकांना धक्के देत नाचणाऱ्यांचा घोळका. पिटच्या कडेला उभे असतात ते नाचणाऱ्यांना सांभाळणारे. तिथे उभं राहिलात तर हे काम तुमच्याकडे आपोआप येतं.

संगीत सर्वात नीट ऐकू येतं ते मागे साउंड डेस्कजवळ. आवाजाचा तोल सांभाळणारा माणूस तिथूनच सगळं ऐकून ठरवत असतो, त्यामुळे त्याच्या शेजारी उभं राहिलं की तो ऐकतो तेच तुम्ही ऐकता. पहिल्या शोला मी सहसा हाच सल्ला देते: ओपनिंग बँड साउंड डेस्कजवळून ऐका, मुख्य बँडच्या वेळी पिटच्या कडेला या, आणि शेवटच्या दोन-तीन गाण्यांना मन म्हणेल तिथे जा.

आत शिरल्याबरोबर बाहेर पडायचे दरवाजे किती आणि कुठे आहेत ते पाहून घ्या. दहा सेकंदांचं काम आहे.

मॉश पिट म्हणजे मारामारीच ना?

नाही. लांबून तसं दिसतं खरं. हा प्रश्न विचारणाऱ्याची भीती मी समजू शकते, कारण पहिल्यांदा मीही भिंतीला चिकटून उभी होते.

सुरुवातीच्या पंक शोमध्ये पोगो असायचा, म्हणजे जागच्या जागी सरळ वर उड्या. खचाखच गर्दीत दुसरं काही शक्यच नव्हतं. १९८० च्या आसपास अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, हार्डकोर नावाचं अधिक वेगवान पंक आलं आणि त्याबरोबर एकमेकांवर आदळत नाचणं आलं. त्यातूनच आजचा मॉश पिट झाला. सगळे एका दिशेने गोल धावतात तो सर्कल पिट.

पिटचे नियम कुठे छापलेले नसतात, पण सगळ्यांना माहीत असतात. कुणी पडलं की आसपासचे सगळे त्या क्षणी थांबतात आणि त्याला उचलतात. 'उचलतात' म्हणजे लगेच, पुढचा ठोका पडायच्या आत. कुणाच्या बुटाची लेस सुटली तर दोघं-तिघं त्याच्याभोवती हात पसरून उभे राहतात आणि तो खाली वाकून लेस बांधतो. चष्मा, चावी, फोन, बूट काहीही सापडलं तर ते हातात उंच धरायचं. ज्याचं असेल तो येऊन घेतो. ज्याला नाचायचं नाही त्याला आत ओढायचं नाही. धक्का खांद्याने आणि उघड्या तळव्याने द्यायचा. कोपर, मूठ आणि लाथ यांना जागा नाही. माझा चष्मा एकदा उडाला होता. तो कुणाच्या पायाखाली गेला असेल म्हणून मी आशा सोडली, तर गाणं संपता संपता चार माणसांपलीकडे एक हात वर दिसला आणि त्यात माझा चष्मा. एक काडी वाकली होती, काचा शाबूत.

जे मुद्दाम दुसऱ्याला दुखवतात तेही असतात, हे लपवणार नाही. त्यांना थांबवण्याची परंपराही पंकमध्येच आहे. फुगाझी हा वॉशिंग्टन डीसीचा बँड, १९८७ साली सुरू झालेला. गर्दीत कुणी इतरांना मारताना दिसलं की ते गाणं मध्येच बंद करत, त्या माणसाशी स्टेजवरून सभ्य भाषेत बोलत, आणि तरी ऐकलं नाही तर तिकिटाचे पैसे परत देऊन त्याला बाहेर पाठवत. इतकं कडक संगीत वाजवणारी माणसं माइकवरून इतक्या शांतपणे बोलायची, याबद्दल मला फार आदर आहे.

एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. पिटमधली धक्काबुक्की आणि गर्दीचा दाब या निराळ्या गोष्टी आहेत. पिटमध्ये हलायला जागा असते. दाबामध्ये ती नसते, आणि धोका तिथेच असतो. हात अंगालगत अडकून वर घेता येईनासे झाले किंवा छाती फुलवता येईना, तर गाणं विसरा. दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर घ्या, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. लाटेला उलटा रेटा देऊ नका. लाट ओसरली की तिरक्या दिशेने कडेला सरका. पुढे कठडा असेल तर तिथल्या सुरक्षारक्षकाला हाताने खूण करा, तो वरून उचलून घेतो. ओरडण्यात ताकद घालवू नका, श्वासासाठी ठेवा.

क्राउड सर्फिंग, म्हणजे गर्दीच्या हातांवर आडवं होऊन पुढे सरकणं, करू का?

पहिल्या शोला नको. कधी केलंच तर जड बूट आणि टोकदार पट्टे घालून नको, कारण ते खालच्या डोक्यांवर लागतात. तुमच्या डोक्यावरून कुणी चाललं असेल तर दोन्ही हात वर करून त्याला पुढे द्या, आणि त्याच्या डोक्याकडे व मानेकडे जास्त लक्ष द्या. स्टेजवरून उडी मारणारे आधी खाली पाहत नाहीत तेव्हा गर्दी बाजूला होते आणि ते जमिनीवर आदळतात. असं डोळ्यांसमोर घडताना पाहिलंय, म्हणून सांगते.

मी मुलगी आहे. पुढे जायला भीती वाटते.

ही भीती निराधार नाही, आणि तिच्यावर उपायही आपल्यासारख्याच मुलींनी शोधलेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रायट गर्ल ही पंकमधल्या मुलींची चळवळ उभी राहिली. बिकिनी किल बँडची गायिका कॅथलीन हॅना स्टेजवरून सांगायची की मुलींनी पुढे यावं आणि मुलांनी मागे सरकावं. तोवर शोमध्ये पुढची जागा दांडगटांची आणि मुलींनी मागे कोट सांभाळायचे, असंच चालायचं. तिने ते एका वाक्यात उलटवलं. आज अनेक बँड आणि हॉल हे आपलं म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत गिलमन स्ट्रीटवर स्वयंसेवक चालवतात तो क्लब १९८६ च्या शेवटच्या दिवशी सुरू झाला. वंशद्वेष, स्त्रीद्वेष, समलिंगीद्वेष आणि हिंसा चालणार नाही, हे त्यांचे नियम सुरुवातीच्या दिवसांपासूनचे आहेत.

व्यवहारात काय करायचं? पुढे जाऊन दोन-तीन मुलींच्या शेजारी उभी राहा आणि सुरू होण्याआधीच बोल. 'मी पहिल्यांदाच आलेय' एवढं म्हटलं तरी पुरतं. कुणी गर्दीचा फायदा घेऊन हात लावला तर मोठ्याने सांग, बोट दाखवून सांग. गर्दी त्याच्या बाजूने नसते. सुरक्षारक्षक, बारमागचा माणूस किंवा मर्चच्या (बँडचे टीशर्ट, रेकॉर्ड विकायच्या) टेबलावरचं कुणीही, यातल्या जवळच्या माणसाकडे जा. आणि कुणा दुसरीच्या बाबतीत हे होताना दिसलं तर तुम्ही सगळ्यांनी मध्ये पडा, मुलगे असाल तर जास्तच.

कानांचं काय? इअरप्लग घातले तर मजा जाईल ना?

उलट मजा वाढते. हा भाग वगळू नका.

अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधनाचा हिशेब असा: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. पंक शोमध्ये आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो, आणि दोन ओपनिंग बँड धरून तुम्ही आत तीन तास असता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी मानक जाहीर केलं. त्यात सरासरी आवाज १०० डेसिबलच्या आत ठेवावा, प्रेक्षकांना इअरप्लग मिळावेत आणि कानांना विसावा द्यायला शांत जागा असावी, असं म्हटलंय. सगळीकडे ते पाळलं जात नाही, म्हणून प्लग आपले आपण न्यावेत.

आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, प्रत्येक कानात साधारण १५ हजार. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. शोनंतर कानाला दडे बसतात, 'कुंऽऽ' असा आवाज येत राहतो, तो इशारा असतो. सुरुवातीची काही वर्षं मी प्लग न घालता पहिल्या रांगेत काढली. आता खोलीत शांतता झाली की डाव्या कानात एक बारीक शिट्टी वाजत असते. ती जाणार नाही. तुमच्या कानात ती वाजू नये एवढंच वाटतं.

फोमचे प्लग स्वस्त आणि चांगले असतात, फक्त ते वरचे स्वर जास्त दाबतात म्हणून गाणं जरा गुदमरल्यासारखं वाटतं. संगीतासाठी बनवलेले फिल्टरचे प्लग सगळे स्वर सारखेच कमी करतात. गिटारच्या गोंगाटातले शब्द मला पहिल्यांदा त्यामुळे कळले. फोमचा प्लग घालताना तो बोटांत बारीक वळा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. अर्धवट घातलेला प्लग जवळजवळ काहीच करत नाही.

कपडे काय घालू? काळं लेदर जॅकेट नाहीये.

घामाने भिजले तरी चालतील असे कपडे. पायात बंद, घट्ट बांधलेले बूट. सपाता किंवा चपला नकोत, पायावर पाय पडणारच. लांब कानातली आणि मोठी बॅग घरी ठेवा. चष्म्याला मागून पट्टा लावा. फोन आणि पैसे चेन असलेल्या खिशात. कुणाच्या जॅकेटवर काय आहे यावरून तुम्हाला कुणी मोजलं, तर त्याच्यापासून दूर उभे राहा.

एकटाच चाललोय. विचित्र दिसेल का?

नाही. मी अर्ध्याहून अधिक शो एकटीने पाहिलेत. तिसऱ्या गाण्यापर्यंत खांद्यावर अनोळखी हात असतो आणि दोघं एकच ओळ बेंबीच्या देठापासून ओरडत असता.

माझं वय कमी आहे. आत सोडतील का?

जागेवर अवलंबून आहे. तिकिटावर 'सर्व वयांसाठी' लिहिलंय का ते आधी बघा. काही ठिकाणी लहान वयाच्यांच्या हातावर काळ्या मार्करने मोठी फुली काढून आत सोडतात, म्हणजे त्यांना दारू मिळत नाही. ही फुली लाजायची गोष्ट नाही. १९८० साली वॉशिंग्टनचा टीन आयडल्स हा पोरसवदा बँड सॅन फ्रान्सिस्कोला वाजवायला गेला तेव्हा क्लबने त्यांच्या हातांवर अशी फुली काढली. हीच युक्ती घरी आणून त्यांनी तिथल्या क्लबना पटवली, म्हणजे मुलांनाही शो बघता यावेत. पुढे दारू आणि ड्रग्जपासून दूर राहणाऱ्या स्ट्रेट एज मंडळींनी ती आपली खूण म्हणून स्वतःच्या हातांवर काढली.

पंक शोमध्ये बँडवर थुंकतात म्हणे?

१९७६-७७ साली इंग्लंडमध्ये थुंकायचे, आणि स्टेजवरच्यांना त्याचा वीट आला होता. थुंकू नका.

फोनवर शूट करू का?

एखादं गाणं करा, नंतर फोन खिशात. तुमच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या हाताच्या उंचीएवढा बँड दिसत नाही. पिटमध्ये फोन काढलात तर तो पडणार आणि तुम्ही वाकणार, दोन्ही धोक्याचं. माझ्याकडे माझ्या सर्वात आवडत्या रात्रीचा एकही फोटो नाही. सेटलिस्टचा, म्हणजे त्या रात्रीच्या गाण्यांच्या यादीचा, कागद मात्र आहे, शेवटी ड्रमरने तो चुरगळून आमच्या दिशेने टाकला होता. त्यावर चार गाण्यांची नावं खोडून बाजूला पेनने दुसरी लिहिलेली आहेत, आणि चिकटपट्टी अजून तशीच आहे.

मूळ बँडमधला एकच माणूस उरलाय. तरी जावं का?

यावर माझंही मत बदलत आलंय. पूर्वी मी नाही म्हणायचे. रमोन्सने २२ वर्षांत २,२६३ शो केले आणि ६ ऑगस्ट १९९६ रोजी शेवटचा. तेव्हा पहिल्या चौघांपैकी जोई आणि जॉनी हे दोघंच बँडमध्ये उरले होते. पण त्या रात्री पुढे उभ्या असलेल्या कुणालाही ती गाणी खोटी वाटली असतील असं मला वाटत नाही. वय झालेला गायक वरचा सूर चुकवतो आणि गर्दी तो उचलून धरते, हे मी पाहिलंय. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे येतं, त्यासाठी तिकीट काढावं. फक्त नावावर गल्ला जमवायला उभे केलेले भाडोत्री वादक असतील तर जाऊ नका. फरक ओळखायला पहिलं गाणं पुरतं.

शो इतक्यात संपला?

हो. पाऊण ते एक तास हे पंकसाठी पुष्कळ झालं. सुरुवातीच्या दिवसांत न्यू यॉर्कच्या सीबीजीबी क्लबमध्ये रमोन्सचा शो वीस मिनिटांच्या आसपास आटपायचा. वन्स मोअर मिळेल असं धरून चालू नका. काही बँडांना आत जाऊन पुन्हा बाहेर यायचं नाटक आवडत नाही. हॉलचे दिवे लागले की संपलं.

बँडला खरी मदत कशी होईल?

त्यांच्या मर्चच्या टेबलावरून काहीतरी घ्या, परवडत असेल तर. छोट्या बँडचा पुढच्या गावापर्यंतचा प्रवास बऱ्याचदा टीशर्ट आणि रेकॉर्डच्या विक्रीवर निघतो. टीशर्ट आधी घेतलात तर तो सांभाळत नाचावं लागतं, पण शेवटी तुमचं माप संपलेलं असतं. मी आधी घेते आणि कमरेला बांधते. टेबलामागे बऱ्याचदा बँडमधलंच कुणीतरी बसलेलं असतं. लांबलचक कौतुक सुचलं नाही तर 'ते तिसरं गाणं फार आवडलं' म्हणा. घाम पुसत, अर्ध्या बसलेल्या घशाने ते मनापासून आभार मानतात.

दुसऱ्या दिवशी मान आणि पोटऱ्या दुखतायत, घसा बसलाय, कान गच्च झालेत. हे ठीक आहे ना?

मान आणि पोटऱ्या दोन दिवसांत मोकळ्या होतात. घशासाठी पाणी प्या आणि शक्य तितकं गप्प राहा. कुजबुजूही नका, त्याने घशावर आणखी ताण येतो. डोक्याला मार लागला असेल आणि उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी असेल तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. कानातली शिट्टी बहुधा दिवसभरात विरते. दोन दिवसांनंतरही राहिली, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर कानाच्या डॉक्टरांना लवकर दाखवा, कारण उपचारांचा उपयोग पहिल्या काही दिवसांत जास्त होतो. आणि कान पूर्ण मोकळे होईपर्यंत हेडफोन लावू नका. कालची गाणी पुन्हा ऐकायची अनिवार इच्छा होईल, मला दर वेळी होते. तेवढे दोन दिवस ती मनातल्या मनात म्हणा.